डेव्हलिन साहेबाचं रक्त

गुणवंताला सगळं पांढुर्णा ‘साहेब’ म्हणते, आणि तो काही साहेब नाही. कापसातून सरकी काढायच्या जिनमध्ये फिटर आहे, म्हणजे होता. सहा फूट एक इंच उंची, मांजरासारखे घारे डोळे, भुवया लालसर, आणि कापसाच्या हंगामात केसापासून चपलेपर्यंत रुईचं भुरकं चिकटलेलं. दिवाळीपासून होळीपर्यंत हा माणूस जेवायलासुद्धा घरी यायचा नाही. प्रमिला, त्याची बायको, डबा घेऊन जिनच्या फाटकाशी उभी राहायची आणि आल्यागेल्याजवळ त्याच्या नावानं बोटं मोडायची. यंत्राचा पट्टा घसरायच्या आधी त्याला आवाजावरून कळायचं. “मशीन रडून राहिली,” म्हणायचा, आणि अर्ध्या तासात ती खरंच बंद पडायची. मालक सगळ्यांवर खेकसायचा, पण याच्याशी नीट बोलायचा. हा पाना ठेवून घरी गेला असता तर कापसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत अडकल्या असत्या, हे मालकालाही ठाऊक होतं.

मी प्रतिभा. सौंसरला शाळेत गणित शिकवते. पांढुर्ण्याजवळचं तिगाव माझं माहेर, आणि गुणवंताचं जुनं घर आमच्याच आळीत, भिंतीला भिंत लागून; जिनच्या नोकरीसाठी तो पुढं पांढुर्ण्याला राहायला गेला. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मी त्याचे कान पिळून पाढे पाठ करून घेतले, त्यानं माझ्या सायकलची साखळी हजार वेळा बसवून दिली. मला भाऊ नाही, बहीण नाही. राखी मी त्यालाच बांधत आली. माझं तोंड फटकळ आहे, हे सौंसरला कोणालाही विचारा. वर्षभरात ते जरा जास्तच सुटलं, असं माझा मुलगा रोहित म्हणतो. मुलगे म्हणतच असतात. रोहितचे बाबा करोनात गेले, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच, आणि मी बोलू नको तर काय भिंतीनं बोलावं?

दोन वर्षांपूर्वी रोहितनं मला सांगितलं की त्याला चंचलशी लग्न करायचं आहे. चंचल म्हणजे गुणवंताची एकुलती एक. सौंसरच्या पॅथॉलॉजीत रक्त तपासायचं काम करते, रोज पांढुर्ण्यावरून येणंजाणं. रोहित बोरगावच्या कारखान्यात. बस स्टँडवर दोघांचं जमलं, आणि अख्ख्या स्टँडला माहीत झाल्यावर मग मला कळलं. मी वरवर थोडा आवाज केला, पण आतून मला बरंच वाटलं. पोरगी मला लहानपणापासून आत्या म्हणते. आत्याच्या घरी भाची सून म्हणून येणं आपल्याकडे नवीन नाही, आणि इथं तर आत्याही नुसती मानलेली. मे महिन्यात सुपारी फोडायचं ठरलं.

त्याच उन्हाळ्यात गुणवंताची बोटं बिघडली.

आधी नुसती बोटं. रिकाम्या हातानं तो नट आवळत बसायचा, जिथं नट नाही तिथं. मग खांदा उडायला लागला, कोणी काही विचारलं आणि यानं ‘मला काय माहीत’ म्हटलं असावं तसा. मग चाल गेली. पांढुर्ण्याच्या बाजारातून सहा फुटांचा माणूस ढोलाच्या तालावर पाय टाकल्यासारखा चालायला लागला, आणि ढोल कुठंच नाही. मालकानं त्याला मशीनीवरून काढून फाटकावर बसवलं. लोक म्हणाले, साहेबानं घ्यायला सुरुवात केली. मी पण म्हटलं. खोटं कशाला बोलू?

“गुणवंता, पोरीचं लग्न ठरून राहिलं आणि तुझे हे धंदे?”

“ताई, थेंबाले हात नाही लावला मी. चंचलची आण.”

मी ऐकून घेतलं नाही. दारुडे असंच म्हणतात. मला घरचा अनुभव होता. माझा बाप कवडू शेवटची सहा वर्षं असाच झुलत चालायचा, ताट उलथायचा, घरात विनाकारण भांडणं काढायचा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शेतातल्या विहिरीत पडून गेला. मी तेव्हा वीस वर्षांची होती, आणि शेवटचे दोन महिने त्याच्याशी बोलली नव्हती. त्या माणसामुळं दारूचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरते.

शेवटी चंचलच बापाला घेऊन नागपूरला मेंदूच्या डॉक्टरकडे गेली. सोबत मी होती. डॉक्टरनं गुणवंताला जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितली. ती राहीना, आपोआप आत जायची. नाकाला बोट लाव म्हटलं, ते गालाला लागलं. मग डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, हंटिंग्टन, आणि म्हणाला की हा रक्तातून येतो. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. पस्तीस-चाळीसपर्यंत माणूस धडधाकट असतो, क्वचित पन्नाशीही ओलांडतो. आधी स्वभाव पालटतो, चिडचिड वाढते, नेहमीच्या कामात चुका व्हायला लागतात. मग हातपाय. शेवटी गिळणंसुद्धा जातं. औषध आहे ते थरथर कमी करायचं, आजार थांबवायचं नाही. मी चंचलकडे पाहिलं तर ती वहीत लिहून घेत होती, पेशंटचं नाव लिहावं तसं.

“आपल्याकडे हा कमी दिसतो,” डॉक्टर गुणवंताच्या डोळ्यांकडे बघत म्हणाला. “घराण्यात कोणी गोरा माणूस होता का?”

आणि हा माझा भाऊ चक्क हसला. “होता ना, डॉक्टरसाहेब. आयर्लंडचा होता. मायाच पणजोबा.”

ही गोष्ट तिगावात सगळ्यांना माहीत होती, नुसती कोणी मोठ्यानं सांगत नसे. थॉमस डेव्हलिन. लहानपणी बेलफास्टच्या कापडगिरणीत लागला, मग जहाजात बसून मुंबईला आणि तिथून नागपूरच्या गिरणीत आला. कापूस पिंजायच्या खात्याचा मास्तर होता. पुढं गिरणीनं काढलं म्हणा की त्यानं सोडली म्हणा, तो पांढुर्ण्याच्या एका जिनमध्ये आला. तिथं तिगावची सोनाबाई सरकी वेचायला जायची. तिला त्याच्यापासून मुलगा झाला, रामाजी. रामाजीचा नामदेव, आणि नामदेवचा हा गुणवंता. घरात एका पत्र्याच्या डब्यात साहेबाचा गिरणीतला दाखला होता, घडीवर फाटलेला. गुणवंता तो पाहुण्यांना दाखवायचा. आपल्या हातात मशीनीचं कसब आलं ते या साहेबाकडून, असं त्याचं मत होतं, आणि त्याला त्याचा फार अभिमान.

डॉक्टर म्हणाला, वंशावळ लिहून आणा. कोण किती वर्षांचा होऊन गेला, कसा गेला, सगळं. गुणवंतानं माझ्याकडे बघितलं. “ताई, तूच लिही. तुयं अक्षर चांगलं हाये.”

मी हो म्हटलं. आता खरं सांगते, मी ते काम मायेनं नाही घेतलं. रोहित ऐकायला तयार नव्हता. ठरलं ते ठरलं, म्हणायचा. मला असा कागद पाहिजे होता की जो त्याच्यापुढं टाकला म्हणजे त्याचं तोंड बंद होईल. माझ्या पोराच्या घरात हे शिरू द्यायचं नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. त्यासाठी मी गुणवंतालाच सोबत घेऊन गुणवंताच्या घराविरुद्ध पुरावा जमवत हिंडली, आणि तो बिचारा दर खेपेला मला बसमध्ये खिडकीची जागा पकडून द्यायचा.

थंडीतले चार रविवार आम्ही नागपुरात घालवले. गिरणीत काही मिळालं नाही; जुनी कागदपत्रं कुठं गेली ते तिथं कोणालाच माहीत नव्हतं. मग कोणी सांगितलं म्हणून ख्रिस्ती कबरस्तानाच्या कचेरीत गेलो. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनानं मोठमोठी रजिस्टरं काढून दिली. गुणवंताला पान धरता येईना, कागद फडफडायला लागला, तसा कारकून म्हणाला, “अहो, सांभाळून, फाटेल.” मग पानं मीच उलटली. एकोणीसशे एकवीसच्या सालात तो सापडला. थॉमस डेव्हलिन, जन्म बेलफास्ट, गिरणी कामगार, वय एकावन्न. मृत्यू वेड्यांच्या इस्पितळात. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: थकवा, अंगाची न थांबणारी थरथर.

गुणवंताच्या घरात सांगत होते की साहेब घोड्यावरून पडून मेला.

गुणवंता त्या ओळीकडे पाहत बसला. मला वाटलं रडेल. तो म्हणाला, “ताई, तिथं त्याच्याशी बोलाले कोण असन? याची भाषा तरी कोणाले समजत असन का?” मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून राहिली होती, आणि तो नीट यावा म्हणून दोनदा काढला.

रोहितनं दरम्यान इंटरनेटवर, जिथं जगभरचे लोक आपले पूर्वज शोधतात अशा ठिकाणी, डेव्हलिनचं नाव टाकून ठेवलं होतं. त्याला वाटलं, डॉक्टरला वंशावळ पाहिजे म्हणून आई हे करून राहिली. दोन महिन्यांनी बेलफास्टहून एका बाईचं उत्तर आलं. निवृत्त नर्स. थॉमसची बहीण तिची पणजी. तिनं लिहिलं की थॉमस हिंदुस्थानात गेला एवढं घरात माहीत होतं, आणि का गेला तेही. आईची अवस्था पाहून तो पळाला होता. बहिणी गिरणीतच राहिल्या. तीनपैकी दोघी आईसारख्याच गेल्या. आमच्याकडे त्या आजाराचं नाव घेत नसत, ती म्हणाली; म्हाताऱ्या बायका नुसतं ‘ते’ म्हणायच्या. शेवटी एकच प्रश्न होता: तुमच्याकडे अजून किती जण आहेत?

माझा पुरावा पुरा झाला होता.

दुसऱ्याच दिवशी मी पांढुर्ण्याला गेली. गुणवंता खाटेवर होता, प्रमिला त्याला चमच्यानं वरण भरवत होती. चंचल नुकतीच कामावरून आलेली, खांद्याची पर्स पण काढली नव्हती. मी कागद जमिनीवर पसरला आणि एकेका नावावर बोट ठेवलं. साहेब, एकावन्न. रामाजी, सत्तेचाळीस, खाटेवर. नामदेवकाका, एकोणपन्नास, शेवटची वर्षं दाराआड.

“नामदेवकाकाला बैलानं मारलं म्हणून सांगितलं होतं ना तुम्ही लोकांनी? कुठला बैल? तीन पिढ्या लपवून राहिले तुम्ही. हे घरच लपवणाऱ्यांचं आहे. माझ्या पोराच्या गळ्यात मी हे बांधणार नाही. लग्न होत नाही.”

प्रमिलाच्या हातातला चमचा तसाच राहिला. चंचल मात्र माझ्यासमोर येऊन बसली. “आत्या, माझी तपासणी करता येते. मी करते. पॉझिटिव्ह आली तर मी स्वतः रोहितला नाही म्हणीन, तुम्हाला बोलायची गरज नाही. नाही आली तर?”

“नाही आली तर मग बघू.”

“बघू नाही. नाही आली तर तुम्ही हो म्हणायचं.”

पोट्टीची हिंमत बघा. मी हो म्हटलं. निघताना गुणवंतानं माझा हात धरायचा प्रयत्न केला, तो दोनदा चुकला, तिसऱ्यांदा मनगट सापडलं. “ताई, तू बराबर बोलून राहिली,” तो म्हणाला. “तुया जागी मी असतो तं हेच केलं असतं.” फाटकापर्यंत सोडायला कोणी आलं नाही. मला राग आला, आणि राग कशाचा आला हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

चंचलनं रक्त दिलं. अशी तपासणी एका दिवसात होत नाही. आधी डॉक्टर दोन-तीनदा बोलावून समजावतात, मग नमुना जातो, मग वाट पाहायची. त्या मधल्या दिवसांत डॉक्टरनं वंशावळ पाहिली आणि एक जागा रिकामी आहे म्हणाला. रामाजीला नामदेवशिवाय मुलं होती का? असतील तर त्यांच्या लेकरांनाही कळवलं पाहिजे, त्यांचा हक्क आहे. गुणवंताला माहीत नव्हतं. तो आता प्रवासही करू शकत नव्हता. म्हणून मीच विचारत विचारत बोरगावच्या कलाबाईपर्यंत पोचली.

पण त्याआधी एक सांगायला पाहिजे. वंशावळ लिहिताना गुणवंता एकदा गमतीनं म्हणाला होता, “ताई, कवडूबाबाचं नाव पण लिही ना आमच्यात. आमच्याच आजीनं कवडी देऊन घेतला होता त्याले.” आम्ही दोघं हसलो. आमच्या भागात ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, तिचं नवं मूल सुपात घालून शेजारणीला एका कवडीला विकतात. शेजारीण कवडी देते, मूल आपलं झालं म्हणते, आणि मग ‘माझं लेकरू तू सांभाळ’ म्हणून आईच्याच ओटीत परत टाकते. मरणाला वाटते, या घरात आता नेण्यासारखं काही नाही. मूल घरातच वाढते, नाव कवडू पडते. एकेका गावात चार-चार कवडू सापडतील. माझ्या आजीची चार लेकरं गेली होती, पाचवा माझा बाप. रामाजीच्या बायकोला तो विकला आणि परत घेतला, असंच मी जन्मभर ऐकलं. मी पेन्सिलीनं त्याचं नाव बाजूला लिहिलं आणि खोडून टाकलं. गणिताची बाई आहे मी. जे रक्ताचं नाही ते वंशावळीत कशाला?

कलाबाई नव्वदीची. तिची आई तिगावात सुईण होती. आंगणात उन्हाला बसून संत्र्याची फोड सोलत होती, बिया एकीकडे काढून ठेवत. नातसुनेनं माझी ओळख सांगितली तशी म्हणाली, “कवडूची पोरगी. ये.”

मी विचारलं, “आजी, रामाजीला किती लेकरं झाली?”

“दोन. नामदेव अन् तुया बाप.”

मला हसू आलं. वय झालं, घोटाळा होते. मी समजावून सांगितलं, “नाही आजी. कवडू आमच्या घरचा. रामाजीच्या बायकोनं नुसती कवडी दिली होती.”

“तिनं कायले कवडी द्यावी? कवडी तुया आजीनं देल्ली. सूप मायाच डोक्यावर होतं, नऊ-दहा वर्साची असन मी. रामाजीच्या दारातून निंगालो, तुया आजीच्या दारात ठेवलं. वापस नाही आणलं.”

मी काही बोलायच्या आत ती पुढं सांगत गेली, घाई न करता. माझ्या आजीचं पाचवं मूलही आदल्या दिवशी मेलेलंच जन्मलं होतं. सुईण सोडून कोणाला सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात रामाजीच्या बायकोला दुसरा मुलगा झाला. रामाजीचे हात तेव्हाच हलायला लागले होते, आणि साहेब कसा गेला हे तिला सोनाबाईनं मरताना सांगितलं होतं. तिला वाटलं, ही पीडा घराची आहे, भिंतींची आहे. ती सुईणीला म्हणाली, थोरला तर इथंच वाढला, हा तरी या घरातून बाहेर काढ.

“अन् गावाले काय सांगितलं?” मी विचारलं.

“सांगा काय लागते? नाव कवडू ठेवलं. सगळ्यायले वाटलं, विकल्यासारखं केलं अन् घरातच ठेवलं. कोणी कोणाले विकलं, हे कोणी इचारते का?”

“माझा बाप दारू प्यायचा, आजी.”

तिनं फोड खाली ठेवली. “त्याच्या तोंडाले कधी वास आला तुले?”

मी आठवून पाहिलं. सहा वर्षं आठवून पाहिली. नाही आला. एकदाही नाही. तो ताट उलथायचा, मी ओरडायची, आणि तो हात मागं लपवून उभा राहायचा. वीस वर्षांची धडधाकट पोरगी मी, दोन महिने त्या माणसाशी अबोला धरून बसली, आणि त्यानं एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. मला असं रडू आलं की नातसून पाणी घेऊन धावत आली.

मग कलाबाई म्हणाली, “तो इहिरीत पडला नाही, पोरी. त्याच्या आधीच्या सोमवारी तो मायापाशी आला होता. हेच इचारलं त्यानं, तू आता इचारलं ते. मी सांगितलं. खोटं काहून बोलू मी?”

सौंसरला मी कशी आली ते आठवत नाही. घरी रोहितनं खिचडी करून ठेवली होती. तो जेवताना मी त्याच्या बोटांकडे बघत बसली. चमचा नीट जात होता, नीट येत होता. “आई, काय बघून राहिली?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, काही नाही. मग मी माझे हात ताटाखाली घेतले.

नऊ दिवस मी हे कोणाला सांगितलं नाही. वर्गात सातवीच्या फळ्यावर व्याजाचं उदाहरण सोडवलं आणि उत्तर चुकलं; मुलींनी दाखवून दिलं तर मी त्यांनाच झापलं. मग डॉक्टरचे शब्द आठवले आणि मी खडू खाली ठेवला. वर्षभरात अशी किती उदाहरणं चुकली असतील? किती जणांवर विनाकारण तुटून पडली असेन मी? मला भीती वाटत होती, साधी, लहान पोराला अंधाराची वाटते तशी. आणि भीतीच्या मागे एक विचार रोज येऊन बसायचा. कलाबाई नव्वदीची. सांगणारं दुसरं कोणी नाही. पेन्सिलीनं लिहिलेलं नाव मी खोडलंच होतं. मी गप्प बसली तर जगाच्या हिशोबी माझा बाप आमच्या घरचाच आहे, आणि रोहितला कधी काही कळायचं कारण नाही. होईल तेव्हा होईल. कदाचित होणारही नाही. आपल्या पोराचं सुख मोडायला आईच कशी उठेल? नामदेवकाकाच्या बायकोनं बैलाची गोष्ट रचली तेव्हा तिच्या मनात काय असेल, ते मला त्या नऊ दिवसांत समजलं.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, दारात ऑटो थांबला. चंचल आणि गुणवंता. एवढ्या लांबून तो आला होता. रोहित धावत गेला, दोघांनी मिळून त्याला पायऱ्या चढवल्या. खुर्चीत बसवला तरी त्याचे पाय जमिनीवर चालतच होते. घारे डोळे मात्र आनंदानं भरले होते. प्रमिलानं पेढ्यांचा डबा पाठवला होता, तो रोहितच्या हातात होता.

चंचलनं लिफाफा माझ्यापुढं धरला. “आत्या, वाचा.”

मी वाचलं. तिला तो आजार नव्हता. ती सुटली होती, पुरी सुटली होती, तिची लेकरंसुद्धा सुटली होती.

“आता हो म्हणा,” ती म्हणाली. ती हसत होती, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “तुम्ही शब्द दिला होता.”

गुणवंताला बोलायला वेळ लागायचा. एकेक शब्द तो आतून ओढून काढायचा, आम्ही थांबायचो. “ताई,” तो म्हणाला, “मायापाशीच सरलं हे. साहेबाचं रक्त मायापाशी सरलं. आता पोरगी चांगल्या घरात जाऊन राहिली. तुया घरात. मी बिनघोर मरतो आता.”

रोहित डबा उघडत होता. त्यानं पहिला पेढा माझ्यापुढं केला. मी घेतला नाही. त्याला म्हटलं, बस. तो बसला नाही, तर मी ओरडली, आणि ओरडल्यावर माझं मलाच भ्या वाटलं, म्हणून पुन्हा हळू म्हटलं, बस रे बाळा. चंचलला म्हटलं, “पोरी, मी हो म्हणायच्या आधी तुला नाही म्हणायची संधी दिली पाहिजे. मी तुमच्या घराला लपवणाऱ्यांचं घर म्हटलं होतं.” मग मी गुणवंताकडे वळली. “गुणवंता, रामाजीला दोन मुलं होती. दुसरा माझा बाप. त्याला तुमच्या घरातून आणला होता.”

गुणवंता माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या तोंडावर आधी आनंदच आला. “म्हंजे तू मायी खरी ताई हायेस?” त्यानं विचारलं, आणि मला धरायला हात पुढं केला.

चंचलला त्याच्या आधी कळलं. ती रोज रक्तच तपासते. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, तिनं रोहितकडे पाहिलं.